चक्रीवादळे व नागरी उष्णता बेटे : कोकणातील शालेय अभ्यास

शालेय भूगोलातील हवामानविषयक दोन घटक. चक्रीवादळात तापलेल्या समुद्रावरची हवा शेकडो किलोमीटरचा प्रदेश ढवळून काढते. नागरी उष्णता बेटात शहराने दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सावकाश बाहेर पडते आणि शहर आसपासच्या गावांपेक्षा उबदार राहते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शाळांना दोन्हींचा अभ्यास आपल्या परिसरातच करता येतो आणि तो तसाच व्हायला हवा.

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५° से. पेक्षा जास्त असले की बाष्पाचा भरपूर पुरवठा होतो. बाष्पाचे सांद्रीभवन होताना सुप्त उष्णता मोकळी होते, केंद्रातील हवेचा दाब आणखी घटतो आणि वारे केंद्राभोवती फिरू लागतात. उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. अशा वादळाला अटलांटिकमध्ये हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात. अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. समुद्र जुलैतही उबदार असतो, मग भर पावसाळ्यात वादळे का होत नाहीत, हा प्रश्न वर्गात जरूर चर्चेला घ्यावा. मोसमी काळात खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांची दिशा व वेग यांत इतकी तफावत असते की वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही.

कोकणासाठी मूळ उदाहरण ‘निसर्ग’चे. ३ जून २०२० रोजी दुपारी हे वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० कि.मी. होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. नकाशावर वादळाचा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा मार्ग काढून केंद्राभोवती बाण दाखवले, की एक गोष्ट उलगडते. केंद्राच्या उत्तरेला, म्हणजे मुंबईच्या बाजूला, वारा जमिनीकडून येत होता. दक्षिणेला मुरूड, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यात तो समुद्रावरून थेट किनाऱ्यावर आदळत होता. शिवाय तिथे वादळाच्या स्वतःच्या पुढे सरकण्याचा वेगही त्यात मिळत होता. नारळ-पोफळीच्या वाड्या तिथे आडव्या झाल्या. पडलेल्या झाडांचे शेंडे कोणत्या दिशेला होते, हे वाडीवाल्यांना विचारून होकायंत्राने नोंदवले, तर वाऱ्याची दिशा मुलांना स्वतः काढता येते. क्षेत्रभेटीसाठी याहून चांगला विषय क्वचितच सापडेल.

वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनला एक ते पाच अशी श्रेणी देतात; त्या श्रेणीच्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे. हरिकेन ठरण्यासाठी वाऱ्याचा वेग ताशी ११९ कि.मी. लागतो. अमेरिकेत एका मिनिटाची, तर भारतीय हवामान विभागात तीन मिनिटांची सरासरी धरतात, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाहीत. तरीही ‘निसर्ग’ या मोजपट्टीवर जेमतेम हरिकेनच्या उंबरठ्यापर्यंत पोचते. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. अमेरिकेतील ‘कॅटरिना’ हरिकेनचेही तेच. ते मेक्सिकोच्या आखातात पाचव्या श्रेणीत होते, २९ ऑगस्ट २००५ रोजी किनाऱ्यावर आले तेव्हा तिसऱ्या श्रेणीत. पण बांध फुटून न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ तर कोकणात किनाऱ्यावर आलेच नाही. ते समुद्रातून गुजरातकडे गेले आणि जाताजाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील आंबा व घरांचे नुकसान करून गेले. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की होड्या वर ओढायच्या, हे कोळीवाड्यातील मुलाला ठाऊक असते; बावट्यांच्या क्रमांकांचा अर्थ त्यानेच वर्गाला सांगावा.

उष्णता बेटाची पहिली पद्धतशीर नोंद ब्रिटिश हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये केली. काँक्रीट व डांबर उष्णता साठवतात, झाडे कमी असल्याने बाष्पोत्सर्जनाने येणारा गारवा मिळत नाही, उंच इमारतींमुळे रात्री उष्णता आकाशाकडे निसटत नाही आणि वाहने व वातानुकूलन यंत्रे त्यात भर घालतात. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे हा फरक बराच झाकतात. म्हणून मापन सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी, हिवाळ्यातील निरभ्र, शांत रात्री करावे.

खरी कसोटी जागा निवडण्यात आहे. चिपळूणची बाजारपेठ आणि गुहागरची वाडी यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही, कारण एक गाव समुद्रापासून दूर आणि दुसरे अगदी काठावर आहे. रत्नागिरीच्या बाजारपेठेशी उघड्या कातळसड्याची तुलनाही फसवी; जांभा दगड स्वतःच दिवसभर तापतो. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून सारख्या अंतरावर व सारख्या उंचीवर हवीत, एक दाट वस्तीचे आणि दुसरे झाडीचे. तापमापक छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर धरावा आणि दोन्हीकडे एकाच वेळी वाचावा. उपग्रहचित्रातील तापमान पृष्ठभागाचे असते, हवेचे नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की सगळा तक्ता वाया जातो.

वादळात कौले उडाली आणि त्या जागी पत्रे घातले, असे घर गावात असेल, तर पत्र्याखालची आणि शेजारच्या कौलारू घरातली दुपारची तापमाने जरूर मोजावीत. ती घरातली असल्याने उष्णता बेटाच्या नोंदींत न मिसळता त्यांचा तक्ता वेगळा ठेवावा.