घाटावरून पाहिलेली मुंबई

नाशिकहून मुंबई पाहायला निघालेल्यांची यादी बहुधा ठरलेली असते. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, म्युझियम आणि पाय दुखायला लागले की मरीन ड्राइव्हचा कठडा. या किनाऱ्यावरच्या शहरवस्तीची जुनी सुरुवात मात्र नालासोपाऱ्यात आहे, आणि तिथे लोकलची गर्दी सोसून मुद्दाम कोणी काही पाहायला जात नाही.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर. त्याचा एक पुरावा आपल्याकडे पांडवलेण्यांत आहे. क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात आपल्या दानधर्माची जंत्रीच कोरून ठेवली आहे. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक इथे निवारे बांधले, तापी, दमण, डहाणूकडच्या नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट नावा ठेवल्या, असं त्यात म्हटलं आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकलगतचंच. बंदरात उतरलेला माल थळघाट, म्हणजे कसारा घाट, चढून नाशिकवरून पैठणकडे जात असे, त्यामुळे किनारा आणि घाटमाथा एकाच दात्याच्या यादीत यावेत हे स्वाभाविकच होतं. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचणाऱ्यांमध्येही हेच भगवानलाल होते.

तेव्हाची मुंबई म्हणजे खाड्यांनी तुटलेली सात बेटं. 1534 च्या तहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांकडे गेली, पण त्यांनी वैभव उभारलं ते वसईत. मुंबई त्यांनी 1661 च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली आणि राजाने ती 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातली. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या विजयाची आठवण पंचवटीत टांगलेली आहे: नारोशंकराच्या देवळाची प्रसिद्ध घंटा. ही पोर्तुगीज घंटा असून तिच्यावर 1721 हे साल आहे. गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं हे सांगायला नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीबरोबर या घंटेचंही नाव घेतात. वसईचा किल्ला पाहायला जाणाऱ्याने निघण्याआधी रामकुंडावर एक चक्कर मारावी, असं माझं मत आहे.

पुढे भर घालून बेटं जोडली गेली. तरी मुंबईचं महानगर झालं ते घाट फुटल्यावर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली खरी, पण ठाण्यापर्यंत रेल्वे नेऊन कापूस मिळणार नव्हता. कापूस होता खानदेशात आणि वऱ्हाडात, आणि मध्ये सह्याद्री उभा. तोवर बैलांच्या तांड्यांवरून आणि गाड्यांतून तो आग्रा रोडने घाट उतरायचा, पावसाळ्यात भिजायचा आणि चिखलात अडकायचा. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. अजूनही गाडीला मागून इंजिनं लावून ती वर ढकलावी लागते. हा मार्ग 1865 मध्ये खुला झाला. याच वर्षी मुंबईचा फुगा फुटला, हा काळाचा विनोदच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या किमतीला विकले जात होते. युद्ध संपलं आणि सावकारांसकट सगळे आपटले. इमारती मात्र राहिल्या. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेत पुढे गॉथिक वास्तूंची रांग उभी राहिली. 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर तर प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतला आहे, आणि त्याला नाव त्यांच्या आईचं आहे. त्याच वर्षी काम सुरू झालेलं बोरीबंदरचं स्टेशन दहा वर्षांनी पुरं झालं.

गेटवेबद्दल एक गैरसमज गाइडही पसरवतात. 1911 मध्ये पंचम जॉर्ज या कमानीतून आला नाही. तेव्हा तिथे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. खरी कमान 1924 मध्ये पूर्ण झाली आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण तिच्यातून निघून गेली.

सिनेमाचं येणंजाणं दोन्ही बाजूंनी झालं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. मग त्यांनी आपला चित्रपटांचा कारखाना नाशिकला आणला आणि 1944 मध्ये त्यांचं निधनही इथेच झालं. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचं नाव आहे, पण ती पाहून आलेल्या कितीजणांना पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक आठवतं?

पाण्याचा हिशेब वेगळा आहे. त्र्यंबकच्या डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला जाते, तर वैतरणा पश्चिमेला. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देत होता, पण शहर वाढलं तसा नळ उलट दिशेने घाट चढत गेला. वैतरणेवर आधी खाली मोडकसागर झाला आणि मग वर, इगतपुरी तालुक्यात, ऊर्ध्व वैतरणा. त्या धरणाखाली गेलेली जमीन नाशिक जिल्ह्यातली आहे, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकात ते कधी दिसत नाही. भाजीपाल्याचे टेम्पो रात्री घाट उतरतात, म्हणून नाशिकला मुंबईची परसबाग म्हणायची पद्धत आहे. विहिरीचं नाव कोणी काढत नाही.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. गाड्या आता कसाऱ्याजवळ डोंगराच्या पोटातून जातात. भिवंडीच्या पुढची कोंडी मात्र आहे तशीच आहे, तेव्हा मुक्काम न करता मुंबई पाहायची असेल तर पहाटेची रेल्वेच बरी.