दगडावरची कोरी जागा

धान निसवलं की आमच्या नागभीडकडं रात्रीची जागल चुकत नाही. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत बांधी साफ करतात. परवा धुऱ्यावर बसल्या बसल्या चुलतभावानं मोबाइल पुढं केला. “पाय ना, सायन्सनंच सिद्ध केलं. आधी राज्य, मंग पापपुण्य.” नवसाच्या बोकडाला हसणारा माणूस, पण फॉरवर्ड आला की अंगाऱ्यासारखा कपाळाला लावतो.

मूळ शोधनिबंध खरा होता. 2019 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला. 414 समाजांचा इतिहास तपासून त्यात म्हटलं होतं, की दुष्कृत्याला शिक्षा देणारे देव मोठी राज्यं उभी राहिल्यावर येतात. ‘वरून कुणी पाहतंय, मारू नको’ या धाकामुळंच अनोळखी माणसं एकत्र नांदू लागली, हा संशोधकांच्या दुसऱ्या गटाचा सिद्धांत त्यानं उलटा केला.

2021 मध्ये तो निबंध मागं घेतला गेला. चूक मोठी मजेची आहे.

तालुक्याचा पर्जन्यमापक घ्या. शिपाई आलाच नाही, तर त्या तारखेपुढं काय लिहायचं? रकाना कोरा म्हणजे ‘ठाऊक नाही’. शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’. सगळ्या कोऱ्या रकान्यांत शून्य भरलं, तर शिपाई रुजू झाला त्या दिवशीच पावसाळा लागला असं दिसेल! इथं तो शिपाई म्हणजे लिपी. लिपीआधी लोक कोणत्या देवाला भीत, ते लिहून ठेवायला कुणी नव्हतं. ती कोरी घरं विश्लेषणात ‘असा देव नव्हता’ अशी धरली गेली. लिपी फोफावते करवसुली करणाऱ्या मोठ्या राज्यात, त्यामुळं देवही राज्यामागून आलेला दिसला. कोरी घरं कोरी ठेवली की निष्कर्ष डळमळतो. मूळ गटानं पुढं नवं विश्लेषण मांडलं. वाद मिटलेला नाही.

आमच्याच भागातल्या देवटेकचा एक दगड नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, आहे. त्यावर अशोककाळच्या ब्राह्मीत कुण्या ‘सामी’चा, म्हणजे धन्याचा, हुकूम आहे: प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, मोडेल त्याला शिक्षा. हा उपदेश नव्हे, सरळ कलम. सुमारे सहाशे वर्षांनी वाकाटक राजा रुद्रसेनानं त्याच दगडावर आपला लेख कोरला आणि जुन्या अक्षरांचा काही भाग छिन्नीखाली गेला. उरलेलं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी वाचलं. छिललेल्या जागी शून्य मांडायची माझी हिंमत नाही.

खुद्द अशोकाच्या लेखांतही अहिंसा मोजूनमापून येते. मुदपाकखान्यात पूर्वी लाखो प्राणी मारत, ते दोन मोर आणि एका हरणावर आलं. हरीणही नेहमी नाही. स्तंभलेखात न मारायच्या पशुपक्ष्यांची लांबलचक यादी आहे. माणसाचा देहदंड मात्र चालूच राहिला. शिक्षा झालेल्याला फक्त तीन दिवसांची मुदत मिळाली.

आमच्या रोह्याला उत्तरेत नीलगाय म्हणतात. नावात गाय आली की मारायला हात धजत नाही. (प्राणिशास्त्रात तो गायीच्याच उपकुळात बसतो, पण ते वाचून कुणी त्याला सोडत नसेल.) इथं नावाचा अडसर नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याचा आहे, परवानगीशिवाय मारता येत नाही.

दोनच्या सुमाराला एक आलाच. चुलतभावानं बॅटरी मारली, मी डबा बडवला, आणि रोही निवांत शेजाऱ्याच्या बांधीत शिरला.