प्रोजेक्ट उघडला, पण लेयर कुठे गेल्या?

आमच्याकडून नकाशाचं काम नेलं की दोन दिवसांत हमखास फोन येतो, "अहो, फाइल उघडली तर लेयर सापडत नाहीत म्हणतंय." घाबरू नका, डेटा उडालेला नसतो. क्यूजीआयएसच्या (नकाशे बनवायचं नि बघायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट फाइलमध्ये गटांच्या हद्दी, रस्ते, विहिरी यांच्या लेयर, म्हणजे नकाशाचे थर, नसतातच. कुठली लेयर कुठे ठेवलीय तो पत्ता, आणि तिचे रंग नि लेबलं, एवढंच त्यात असतं.

दहातल्या आठ वेळा झालेलं असतं ते असं: झिप न सोडवताच आतल्या प्रोजेक्ट फाइलवर डबल-क्लिक. विंडोज मग तेवढी एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरात काढतं, बाकी सगळं झिपमध्येच राहतं. आधी राइट-क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. फोल्डर कुठल्याही ड्राइव्हवर ठेवा, पत्ते आम्ही रिलेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्ट फाइलच्या जागेपासून मोजलेले, ठेवतो. फक्त आतली नावं बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एकटी प्रोजेक्ट फाइल किंवा एकटी .एसएचपी पाठवणंही तसंच. शेपफाइल म्हणजे एका लेयरच्या फाइलींचा संच; .एसएचपीला .एसएचएक्स आणि .डीबीएफ सोबत लागतातच, आणि .पीआरजे (नकाशाची निर्देशांक पद्धत सांगणारी फाइल) नसेल तर नकाशा भलतीकडे जाऊन बसतो.

आता जी चूक महागात पडते ती. लेयर सापडल्या नाहीत की एक खिडकी येते. त्यात 'रिमूव्ह अनअव्हेलेबल लेयर्स' दाबून वर सेव्हही केलं, की पत्त्यांबरोबर रंग, लेबलं, आमची दोन दिवसांची मेहनत गेली. त्याऐवजी 'ऑटो-फाइंड' करून पाहा, नाहीतर 'ब्राउझ'ने फाइल दाखवून 'अप्लाय चेंजेस' करा. काहीच सुचत नसेल तर 'कीप अनअव्हेलेबल लेयर्स' दाबा आणि आम्हाला फोन करा. चुकून सेव्ह झालंच, तर पुन्हा सेव्ह करू नका. त्याच फोल्डरात नावाच्या शेवटी ~ असलेली आधीची प्रत असते. ती पुढच्या सेव्हला पुसली जाते.

"सगळं एकाच फाइलमध्ये का देत नाही?" असंही विचारतात. देतो की, जिओपॅकेजमध्ये. ऑर्डर देतानाच सांगा, वेगळे पैसे नाहीत. पण बहुतेकांच्या आर्किटेक्टला नि ठेकेदाराला शेपफाइलच हवी असते, म्हणून नेहमीची पद्धत ती ठेवलीय.

पत्ते जोडून द्यायचे आम्ही काही घेत नाही, फोनवर दहा मिनिटांचं काम आहे. रिमूव्ह करून सेव्ह केलेला नकाशा पुन्हा सजवायचा तर मात्र निम्मा दर लागतो. वार्षिक देखभाल घेतलेल्यांची प्रत आमच्याकडे जपलेली असते, त्यांना तोही लागत नाही.