पाच मुलं चर्चच्या हुकमाने झालेली नाहीत

पाच लेकरांना घेऊन पुण्याच्या गुरुवार पेठेतून निघालो की कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्यात ऑपरेशन चालत नाही ना? चर्चची बंदी असते म्हणे!" आजीलाही लोक हेच विचारायचे. आमच्या चर्चबाबत हा समज चुकीचा आहे.

आम्ही पंचहौद चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. या मंडळीचा एक मूळ प्रवाह अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतला. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९३० सालीच गर्भनिरोधनाला अटींसह मान्यता दिली. कॅथलिक शिकवण वेगळी आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये कृत्रिम साधनं नाकारली, पण योग्य कारण असेल तर नैसर्गिक पद्धतीने पाळणा लांबवायला तिथेही मुभा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ख्रिस्ती स्त्रियांचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) १.८८ निघाला, देशाच्या २.० या सरासरीपेक्षाही कमी.

मग आमची पाच का? आम्हाला हवी होती म्हणून. बायबलमधलं स्तोत्र १२७ मुलांना देवाची देणगी म्हणतं, आकडा सांगत नाही. संध्याकाळी चटईवर प्रार्थनेला बसलो की धाकटी सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हणून टाकते. नंतर थोरला तिला दुधात भाकरी कुस्करून देतो. ओढाताण होतेच. थोरल्याचा स्वेटर तिसऱ्याच्या अंगावर येईतो कोपरं विरलेली असतात. पण हा निर्णय आम्हा दोघांचा होता, पाळकसाहेबांनी कधी विचारलंही नाही. एकुलतं मूल असलेली कुटुंबंही रविवारी आमच्याच बाकावर बसतात.