एका मिलिसेकंदाची झोप वीस मिलिसेकंदांची का होते?

एखाद्या प्रोग्रामने लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला सांगितले, ‘मला १ मिलिसेकंदाने उठव’, तर जुन्या कर्नलवर तो १० ते २० मिलिसेकंदांनी उठत असे. संगणकाचे घड्याळ बिघडलेले नसे. कर्नल त्या घड्याळाकडे पाहायचाच फार क्वचित.

हे पाहणे म्हणजे ‘टिक’. पूर्वीच्या पीसीत टाइमरची चिप सेकंदाला ११,९३,१८२ स्पंदने मोजत असे. कर्नल तिच्यात ११,९३२ हा भाजक भरायचा; तेवढी स्पंदने झाली की, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, एक इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) येई. कोणाची वेळ भरली, हे फक्त त्या क्षणी तपासले जाई. दर तासाला टोल देणाऱ्या पहारेकऱ्याला ‘सव्वापाचला उठव’ सांगितले, तर तो सहाच्या टोललाच उठवणार, तसेच हे. त्यात कर्नलचे एक वचन असते: सांगितलेल्या वेळेआधी कोणालाही उठवायचे नाही. चालू टिक संपत आलेला असू शकतो, म्हणून हिशेबात एक टिक जास्तीचा धरतात. दहाचे वीस होतात ते इथे.

मग टिक जलद करावा, हा उपाय सुचतोच. कर्नल २.६ मध्ये टिक सेकंदाला १,००० वेळा झाला. पण ११,९३,१८२ ला १,००० ने नि:शेष भाग जात नाही. भाजक ११९३ घेतला की प्रत्यक्षात १०००.१५ टिक पडतात, आणि ही तफावत हिशेबात धरली नाही तर घड्याळ दिवसाला सुमारे १३ सेकंद पुढे पळते. शिवाय काहीच काम नसले तरी प्रोसेसर सेकंदाला हजार वेळा जागा होतो आणि लॅपटॉपची बॅटरी उतरते. २००५ मध्ये २.६.१३ ला मूळ सेटिंग २५० वर, म्हणजे ४ मिलिसेकंदांवर आणले गेले. मुळात टिक कितीही जलद केला तरी अचूकतेला त्याचीच मर्यादा राहते.

खरा उपाय टिकवर अवलंबून राहणेच सोडण्याचा होता. कर्नलचे विकासक थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि सहकाऱ्यांचे ‘एचआरटाइमर’ (सूक्ष्म वेळेचे टाइमर) २००६ मध्ये २.६.१६ मध्ये आले, पण तेव्हाही ते टिकवरच चालत होते. २००७ च्या २.६.२१ मध्ये खरा बदल झाला. सगळे टाइमर नॅनोसेकंदांत मोजून, मुदतीच्या क्रमाने रेड-ब्लॅक ट्री या झाडासारख्या क्रमवार रचनेत ठेवायचे. सर्वांत आधीची मुदत पाहायची आणि हार्डवेअरला सांगायचे, ‘नेमक्या या क्षणी एकच इंटरप्ट दे’. जुन्या चिपला हे जड जाते: तिच्या पोर्टवर एकदा लिहायलाच सुमारे १ मायक्रोसेकंद लागतो आणि १६ बिटांमुळे ती ५५ मिलिसेकंदांपलीकडे मोजू शकत नाही. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्येच असलेला ‘लोकल एपिक’ नावाचा टाइमर मात्र हे काम चटकन करतो.

या रचनेत दोन कामे वेगळी केली आहेत, आणि मला हीच तिची सर्वांत मोलाची बाजू वाटते. ‘आता किती वाजले’ हे सांगतो क्लॉकसोर्स. ‘अमुक वेळी उठव’ हे करतो क्लॉकइव्हेंट. बिघाड शोधताना कोणती बाजू बिघडली ते आधी ठरवावे. प्रोसेसरमधला स्पंदने मोजणारा टीएससी काउंटर अस्थिर वाटला, तर कर्नल तो सोडून प्रोसेसरबाहेरचा एचपीईटी टाइमर घेतो. मग शंभराहून कमी नॅनोसेकंदांत होणारे वेळेचे वाचन मायक्रोसेकंदाच्या घरात जाते. ‘करंट_क्लॉकसोर्स’ या फाइलमध्ये ‘टीएससी’ दिसते का, हे सर्वांत आधी पाहा. दुसऱ्या बाजूचा बिघाड म्हणजे जुन्या प्रोसेसरांवर गाढ झोपेच्या सी३ अवस्थेत एपिक टाइमरच थांबतो. तेव्हा बाहेरच्या टाइमरला उठवणीचे काम द्यावे लागते.

एवढे जमले तरी साधा प्रोग्राम ५० मायक्रोसेकंद उशिरा उठू शकतो. हा दोष नाही. वीज वाचवण्यासाठी जवळजवळच्या मुदती एकत्र उरकता याव्यात, म्हणून कर्नल तेवढी सवलत घेतो; तिला ‘टाइमर स्लॅक’ म्हणतात. ‘पीआर-कंट्रोल’ कॉलने ती १ नॅनोसेकंदापर्यंत उतरवता येते, आणि रिअल-टाइम प्राधान्याच्या थ्रेडला (प्रोग्राममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाला) ती लागूच होत नाही. ठरावीक अंतराने चालणाऱ्या कामात ‘आतापासून १ मिलिसेकंद झोप’ असे कधीही लिहू नये. दर फेरीचा उशीर साचतो, आणि ५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने हजार फेऱ्यांत ५० मिलिसेकंद बुडतात. ‘क्लॉक_नॅनोस्लीप’ या कॉलला निरपेक्ष वेळ, म्हणजे घड्याळातला उठण्याचा नेमका क्षण द्यावा, म्हणजे एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीत जात नाही.

हा उशीर मोजण्यासाठी ‘सायक्लिकटेस्ट’ हा चाचणी-प्रोग्राम वापरतात. त्यातली सरासरी सोडा, कमाल आकडा पाहा. मात्र हे साधन स्वतः चालू असेपर्यंत ‘सीपीयू_डीएमए_लेटन्सी’ फाइल उघडी ठेवून तिच्यात शून्य लिहिते, म्हणजेच प्रोसेसरला गाढ झोपू देत नाही. तुमच्या प्रोग्रामने तसे केले नाही तर गाढ झोपेतून उठण्याचे दहा-वीस, कधी शंभराहून अधिक मायक्रोसेकंद त्याच्या वाट्याला येतात आणि चाचणीचे आकडे प्रत्यक्षात दिसत नाहीत.

टाइमर वेळेवर वाजूनही थ्रेडला प्रोसेसर मिळाला नाही, तर त्यावर पूर्ण प्रीएम्प्शनचा, म्हणजे कर्नलचे स्वतःचे कामही मध्येच थांबवून तातडीच्या थ्रेडला जागा देण्याचा उपाय आहे. तो २०२४ च्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. त्यानंतरही अधूनमधून मोठा उशीर दिसला तर संशय फर्मवेअरवर, म्हणजे मदरबोर्डमधल्या अंगभूत सॉफ्टवेअरवर घ्यावा. त्याचा एसएमआय इंटरप्ट कर्नलला न विचारता प्रोसेसर ताब्यात घेतो. कर्नलचा ‘एचडब्ल्यूलॅट’ ट्रेसर इंटरप्ट बंद करून सतत घड्याळ वाचतो आणि दोन वाचनांमधली अकारण फट नोंदवतो. फट सापडली तर कर्नलच्या सेटिंगशी झगडणे थांबवावे आणि बायोसमधले (त्या फर्मवेअरच्या सेटिंगमधले) वीज-नियंत्रणाचे व यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीने चालवणारे ‘लेगसी यूएसबी’ पर्याय एकेक करून बंद करून पाहावेत.