दीड हजार फुटांवरून

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची जेट विमाने ताशी सातआठशे किलोमीटर वेगाने येऊन बॉम्ब टाकत असत. पण तो बॉम्ब नेमका कोठे टाकायचा हे सांगणारा माणूस बहुधा सेस्ना कंपनीच्या ‘बर्ड डॉग’ नावाच्या दोन आसनी, एका पंख्याच्या, २१३ अश्वशक्तीच्या विमानात बसलेला असे. हे विमान ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास रेंगाळत उडे. त्याला चिलखत नव्हते आणि पंखांखालची धुराची चार रॉकेटे एवढीच त्याची सामग्री. या वैमानिकाला ‘फॉरवर्ड एअर कंट्रोलर’, बोलण्यात ‘फॅक’, म्हणत. जेटच्या जमान्यात असले विमान वापरणे हा काटकसरीचा मामला वाटेल, परंतु त्यामागे मानवी डोळ्याचे गणित होते.

विमान ४५० मीटर, म्हणजे सुमारे दीड हजार फूट, उंचीवरून ताशी १५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर बरोबर खालची जमीन वैमानिकाच्या नजरेसमोरून सेकंदाला साधारण ५ अंश सरकते. त्याच उंचीवरून ताशी ८०० किलोमीटर वेगाने जेट गेले, तर तीच जमीन सेकंदाला २८ अंश धावते. सरकत्या वस्तूवर नजर खिळवून डोळा तिच्याबरोबर सहज फिरवणे आपल्याला सेकंदाला सुमारे ३० अंशांपर्यंतच जमते, आणि त्या मर्यादेजवळ पोचतानाच बारकावे पुसट होऊ लागतात. शिवाय आपल्याला खरोखर लख्ख दिसते ते नजरेच्या मध्यावरच्या जेमतेम दोन अंशांत. ४५० मीटरवरून पाहताना ते दोन अंश जमिनीवर सोळा मीटर व्यासाचे एक वर्तुळ व्यापतात. जंगल धुंडाळायचे म्हणजे अशी हजारो वर्तुळे एकामागून एक तपासायची, आणि त्यासाठी लागणारा वेळ सावकाश जाणाऱ्या विमानातच मिळतो.

फॅक रोज त्याच त्या भागावर घिरट्या घालत असल्यामुळे त्याला तेथील नित्यक्रम पाठ होई. भाताच्या खाचरांत एरवी माणसे वाकलेली दिसत, ती आज का नाहीत. कालपर्यंत नसलेली पायवाट झाडीत कोठून शिरली. हिरव्या रानात एवढाच तुकडा मलूल का दिसतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. तोफ झाकण्यासाठी तोडलेल्या फांद्यांना मुळांकडून पाणी मिळत नाही, त्यामुळे पाने मान टाकतात, मग त्यांचा रंग बदलतो, आणि पांघरूण स्वतःच चुगली करते. पार्श्वभूमी बदलली की हे कोडेही बदलते. ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवालाच्या वाळवंटात मेजर आत्मा सिंग ‘कृषक’ या तशाच लहानशा भारतीय विमानातून आपल्या हंटर विमानांना मार्गदर्शन करत होते. तेथे पाकिस्तानी रणगाड्यांना दडायला झाड नव्हते आणि त्यांच्या पट्ट्यांचे वळसे वाळूवर उमटत होते. व्हिएतनाममध्ये मात्र झाडीच झाडी होती.

दीड हजार फूट हा आकडा बंदुकीने ठरवला. एके-४७ रायफलचा नेम चारशे मीटरच्या पुढे फारसा भरवशाचा राहत नाही, आणि साडेचारशे मीटर पार करायला तिच्या गोळीला सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात बर्ड डॉग स्वतःच्या लांबीच्या पाचपट पुढे सरकते, म्हणून शिपायाला विमानाच्या पुढच्या मोकळ्या आकाशात नेम धरावा लागतो. हे ओळखून वैमानिक सुकाणूचे पेडल दाबून विमान तिरके घसरवत असत, म्हणजे नाक एकीकडे आणि वाटचाल दुसरीकडे. तरीही काही जण अंगात घालायचे चिलखती जाकीट बुडाखाली घेऊन बसत, कारण गोळी यायची ती खालूनच.

पण त्या उंचीवरून दिसते किती? निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो, म्हणजे ४५० मीटरवरून सुमारे १३ सेंटिमीटर. माणूस दिसतो, म्हैस दिसते. त्या माणसाच्या खांद्यावर कुदळ आहे की रायफल, हे मात्र खात्रीने सांगता येत नाही, कारण दोन्हींची जाडी चारपाच सेंटिमीटरच असते. खाली कोण मरणार हे या फरकावर अवलंबून होते. तो ओळखण्यासाठी वैमानिकाला खाली उतरावे लागे, आणि खाली उतरला की तो रायफलच्या टप्प्यात येई.

लक्ष्य ठरल्यावर फॅक विमानाचे नाक खाली करून रॉकेट सोडी; नेम धरण्यासाठी समोरच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने काढलेली खूण पुरे. रॉकेटमधला पांढरा फॉस्फरस हवा लागताच पेटतो, त्यापासून बनणारे ऑक्साइड हवेतली वाफ शोषून घेते आणि झाडांच्या शेंड्यांतून दाट पांढरा लोट वर येतो. मग तो जेटला सांगे, ‘धुराच्या उत्तरेला पन्नास मीटर.’ त्याच वेळी तीन वेगवेगळ्या रेडिओंवर जमिनीवरची तुकडी, जेट विमाने आणि नियंत्रण केंद्र बोलत असत. जेटने कोणत्या दिशेने यायचे हेही तोच ठरवी. बॉम्ब सोडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर तो शंभरेक मीटर पुढे पडतो, पण बाजूला एवढा चुकत नाही. म्हणून जेट आपल्या सैनिकांच्या डोक्यावरून नव्हे, तर त्यांच्या रांगेला समांतर येईल अशी काळजी घेतली जाई.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या दालाटजवळ कॅप्टन हिलियर्ड विल्बँक्स या फॅकना चहाच्या मळ्यात दबा धरून बसलेली मोठी शत्रुतुकडी दिसली, आणि अमेरिकेच्या बाजूने लढणारे दक्षिण व्हिएतनामचे रेंजर सैनिक नेमके तिच्याच दिशेने चालत निघाले होते. त्यांनी रेंजरांना सावध केले आणि धुराची रॉकेटे डागली. जेट विमाने वेळेत पोचणार नाहीत हे स्पष्ट होते, म्हणून रॉकेटे संपल्यावर ते अगदी खाली उतरून, एका हाताने विमान सांभाळत, बाजूच्या खिडकीतून रायफल झाडत फेऱ्या घालू लागले. त्यांतल्या एका फेरीत त्यांना गोळी लागली आणि विमान दोन्ही फौजांच्या मध्ये कोसळले. रेंजरांना माघार घ्यायला लागणारा वेळ तोवर मिळाला होता.