कारखान्यातल्या खोक्यावरून बालभारतीच्या पानावर: वर्गातल्या क्यूआर कोडची पार्श्वभूमी

बालभारतीचं पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानावर काळापांढरा चौकोन दिसतो. शेजारी सूचना असते की दीक्षा अ‍ॅपने हा कोड स्कॅन केला तर पुस्तकाची डिजिटल प्रत मिळेल, आणि पाठापाठांतल्या कोडमधून त्या त्या पाठाचं दृक्‌श्राव्य साहित्य मिळेल. आजच्या चौथी-पाचवीतल्या मुलांना या चौकोनाशिवायचं पुस्तक माहीतच नाही. पण तो तिथवर आला कसा, हे पाहताना मला एक प्रश्न सारखा महत्त्वाचा वाटत आला आहे: कोड छापलेला कागद कोणाच्या हातात असतो आणि तो वाचणारं यंत्र कोणाच्या?

सुरुवात दुकानातल्या बारकोडपासून. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकी जोडीला त्याचं पेटंट १९५२ मध्ये मिळालं. प्रत्यक्ष गल्ल्यावर तो वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात, च्युइंगमच्या पुड्यावर. बारकोडची अडचण एवढीच की त्यात फार मावत नाही. आडव्या ओळीत वीसेक अक्षरं, संपलं.

ही अडचण सगळ्यात जास्त जाणवली जपानमधल्या आयची प्रांतात. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत भागांच्या खोक्यांसोबत माहितीच्या चिठ्ठ्या फिरायच्या, त्यांवर बारकोड असायचे. भागांचे प्रकार वाढत गेले तसे एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड आले. कामगार दिवसभर एकामागून एक ते वाचत बसायचे आणि थकून जायचे. त्यांच्या तक्रारीतून मासाहिरो हारा यांनी नव्या कोडचं काम हाती घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ते गो हा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळत. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी माहिती मांडायची कल्पना त्यांना त्या पटावरून सुचली.

पुढचा भाग मला फार आवडतो. कोड कुठे आहे हे यंत्राला क्षणात कळावं म्हणून तीन कोपऱ्यांत ते मोठे चौकोन ठेवले आहेत. पण छापील कागदावर तसाच आकार दुसरीकडे कुठे आला तर यंत्र फसणार. म्हणून हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिकं, जाहिरातींची पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी असा ढीगभर छापील माल तपासला आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण शोधून काढलं. ते निघालं एकास एक, तीन, एक, एक. कोपऱ्यातल्या कोणत्याही चौकोनाच्या मधोमध पट्टी धरून मोजलं तर आजही हेच प्रमाण मिळतं. सहावी-सातवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना हे मुलांकडून मोजून घ्यावं, इतकं ते हाताशी आहे.

१९९४ मध्ये हा कोड जाहीर झाला. त्यात सात हजारांवर अंक मावतात. शिवाय कारखान्यात तेलाचे डाग पडणार, चिठ्ठी फाटणार, हे धरून तो रचलेला आहे. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. कंपनीने पेटंट स्वतःकडे ठेवलं, पण ठरलेल्या मानकानुसार कोड वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. हा निर्णय झाला नसता तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना फुकटात कोड बनवता आला नसता.

जपानमध्ये २००२ पासून मोबाइल फोन हा कोड वाचू लागले. आपल्याकडे तो घरोघरी पोचला तो नोटबंदीनंतर, भाजीच्या गाड्यावर आणि किराणा दुकानात. पण महाराष्ट्रातल्या काही शाळांत तो त्याच्याही आधी पोचला होता, आणि याचं श्रेय शिक्षकांचं आहे.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ आणि ‘डिजिटल शाळा’ हे शब्द याच काळात आपल्या तोंडी बसले. गावाने लोकवर्गणी काढायची, शाळेला प्रोजेक्टर घ्यायचा, आणि शिक्षकाने रात्री जागून व्हिडिओ तयार करायचे, असं ठिकठिकाणी चाललं होतं. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, पाठाचा व्हिडिओ दिसे, गोष्ट किंवा स्वाध्याय मिळे. असे कोड आणणारी राज्यातली पहिली शाळा म्हणून तिची नोंद झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना दिला. बक्षिसाची बातमी सगळ्यांनी वाचली. मला मात्र त्याआधीचं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण त्या कोडमागचा पाठ समोरची मुलं ओळखणाऱ्या माणसाने निवडलेला होता.

त्या दिवसांत मीही तिसरीच्या कवितांचे कोड केले होते. कविता चालीत म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित करायची, फाइल वर चढवायची, दुव्याचा कोड काढायचा, छापायचा आणि पुस्तकात डकवायचा. पहिल्यांदा सगळे कोड पोस्टाच्या तिकिटाएवढे छापले आणि वरून चकचकीत चिकटपट्टी लावली. खिडकीचा उजेड त्यावर पडला की फोनला काही दिसेना. मग मोठे छापले, भोवती पांढरी कड सोडली आणि नुसत्या खळीने चिकटवले. ती पांढरी कड शोभेची नसते, तिच्याशिवाय कोडची हद्द यंत्राला कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. मुलं कान देऊन ऐकायची. बाईंचा आवाज पुस्तकातून येतो, याचंच त्यांना मोठं नवल.

२०१७ मध्ये राज्याने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत कोड देण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राचा दीक्षा मंच सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकांतही कोड येतील असं सांगितलं. एका शिक्षकाने डकवलेली चिठ्ठी अशी देशभरच्या छपाईत गेली. यात मोठा फायदा झाला. पुस्तक एकदा छापलं की बदलत नाही, पण कोडमागचं साहित्य बदलता येतं. दीक्षावरचे बरेच व्हिडिओ आधी उतरवून ठेवता येतात, त्यामुळे वर्गात नेट नसलं तरी चालतं.

पण याच टप्प्यावर कागद आणि यंत्र यांची जागा उलटली. डेन्सोच्या कारखान्यात खोकी हजारो होती आणि वाचणारं यंत्र मोजक्या कामगारांच्या हातात होतं. पुस्तकात कोड छापला तेव्हा प्रत्येक मुलाकडे यंत्र असावं लागलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे उघडं पडलं. पुस्तक घरी, कोड घरी, आणि फोन वडिलांसोबत कामावर. संध्याकाळी तो परत आला तरी घरात तीन भावंडं आणि फोन एकच. वस्तीवर फिरून शिकवणाऱ्या शिक्षकांनी तेव्हा ही दरी भरून काढली, कोडने नाही.

म्हणून मला या इतिहासातली दुसरी, कमी बोलली गेलेली वाट महत्त्वाची वाटते. तिच्यात कोड मुलाच्या हातात असतो आणि फोन फक्त शिक्षकाकडे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी कागदी कार्डांची अशी पद्धत मांडली. प्रत्येक मुलाला कोड छापलेलं एक कार्ड. उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचं, आणि कॅमेऱ्याने सगळ्या वर्गाची उत्तरं एकदम टिपायची. पुढे नोलन एमी या अमेरिकेतल्या गणिताच्या शिक्षकाने याच धर्तीचं प्लिकर्स हे साधन केलं आणि ते पुष्कळ देशांतल्या वर्गांत पोचलं.

या कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं असतात. उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. प्रत्येक कार्डावर छापलेला आकार वेगळा, म्हणून शेजाऱ्याचं पाहून आपलं कार्ड तसंच धरलं तरी उपयोग नाही. पण मला खरा फरक दिसला तो मागच्या बाकांवर. तोंडी प्रश्न विचारला की तीच ती पाच मुलं हात वर करतात. कार्डं आली तेव्हा सगळी कार्डं वर करावी लागली.

आमच्या वर्गात एक मुलगी वर्षभर गणिताच्या तासाला बोलली नव्हती. मी फळ्यावर विचारलं, ४०२ मधून १७८ वजा केले तर किती? फोन वर्गावरून फिरवला. तिच्या नावापुढे चूक उत्तर आलं, आणि तिच्यासारखंच चूक उत्तर आणखी अकरा जणांचं आलं. सगळ्यांनी ३७६ निवडलं होतं, म्हणजे प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. शून्यावरून हातचा कसा घ्यायचा हे मी नीट शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दशकाच्या काड्यांचे जुडगे घेऊन आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो, आणि तासाच्या शेवटी मी परत कार्डं वाटली.